मेणअळीत बुरशीची उग्रता कशी मोजायची

एखादी बुरशी किती उग्र आहे हे पेट्री डिशकडे बघून कळत नाही. रुग्णाच्या रक्तातून नुकतीच आलेली कॅन्डिडा (यीस्टसारखी एक बुरशी) आणि वर्षानुवर्षं फ्रीजरमध्ये सांभाळलेली कॅन्डिडा, दोघींच्याही वसाहती सबुरो अगार या वाढमाध्यमावर तशाच पांढऱ्या, मऊ आणि गोल. फरक पडतो तो जिवंत शरीरात गेल्यावर, तिथल्या पेशी अंगावर आल्यावर. उग्रता, म्हणजे ज्याला प्रयोगशाळेत सगळे व्हिरुलन्सच म्हणतात, ती एकट्या बुरशीच्या अंगी नसते. ती बुरशी आणि यजमान, म्हणजे बुरशी ज्याच्या शरीरात शिरते तो जीव, या जोडीची असते. आर्टुरो कासाडेव्हाल आणि लीझ-अ‍ॅन पिरोफ्स्की या संशोधकांनी १९९९ मध्ये हीच भूमिका मांडली: रोग म्हणजे या दोघांच्या झटापटीत यजमानाचं झालेलं नुकसान. हे एकदा मान्य केलं की प्रयोगाची आखणीच बदलते. बुरशीतला फरक मोजायचा असेल तर यजमान (इथे मेणअळी), डोस आणि तापमान काटेकोरपणे सारखं ठेवावं लागतं. नाहीतर आपण बुरशी मोजतोय की अळीची उपासमार, हे सांगता येत नाही.

सातारा, कराड, सांगली, मिरज या पट्ट्यात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून हे लिहीत आहे. बहुतेक महाविद्यालयांत नोंदणीकृत प्राणीगृह नसतं. म्हणून प्रकल्प ताटलीवरच थांबतो: जैवपटल (बायोफिल्म) किती जाड झालं, एन्झाइम किती सुटलं, एवढंच मोजून निष्कर्षात मात्र ‘हा स्ट्रेन (बुरशीचा वाण) अधिक उग्र’ असं लिहिलं जातं. ते मला पटत नाही. सजीवात न तपासता उग्रतेबद्दल बोलू नये, आणि तपासायला मोठा खर्च लागतो असंही नाही. मधमाश्यांच्या पोळ्यात वाढणारी मेणअळी त्यासाठी पुरते.

मेणअळीच का

मोठ्या मेणपतंगाची, गॅलेरिया मेलोनेलाची, अळी मधमाश्यांच्या पोळ्यात मेण, परागकण आणि माश्यांनी टाकलेल्या काती खाऊन वाढते. मधपाळ तिला शत्रू मानतात आणि ते रास्तच आहे. आपल्या कामाला मात्र तिचा एक गुण फार मोलाचा: ती ३७ अंश सेल्सिअसला आठवडाभर आरामात जगते. फळमाशी किंवा सूत्रकृमी या तापमानाला टिकत नाहीत. कॅन्डिडा अल्बिकन्सचं यीस्टरूपातून तंतुरूपात जाणं शरीराच्या तापमानाशी जोडलेलं आहे, त्यामुळे २५ अंशांवर केलेला प्रयोग माणसातल्या संसर्गाबद्दल फारसं सांगत नाही.

दुसरं असं, की अळीच्या रक्तातल्या पेशी बुरशी गिळतात, तिच्याभोवती गाठी करतात आणि मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य ओतून तिला कोंडतात. ही जन्मजात प्रतिकारशक्ती आपल्या रक्तातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या कामाशी बरीच जुळते. २००० मध्ये आयर्लंडमधल्या केव्हिन कॅव्हना यांच्या गटाने यीस्टच्या चाचणीसाठी ही अळी वापरून दाखवली. २००२ मध्ये त्यांच्याच गटाने कॅन्डिडा अल्बिकन्सच्या उत्परिवर्तित स्ट्रेन्सची उग्रता उंदरात आणि अळीत साधारण एकाच क्रमाने लागते हे मांडलं. २००५ मध्ये क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्सवरही असंच काम झालं.

मर्यादाही तिथेच लिहून ठेवा. अळीत प्रतिपिंडं नाहीत, टी-पेशी नाहीत, फुप्फुसं नाहीत, मूत्रपिंडं नाहीत. लसीचा प्रश्न किंवा फुप्फुसातल्या अ‍ॅस्परजिलसचा प्रश्न तिच्याकडे नेऊ नये.

अळ्या मिळवणं आणि वाढवणं

साताऱ्याचं नशीब चांगलं आहे. महाबळेश्वर, जावळी, पाटण या तालुक्यांत सातेरी माश्यांच्या पेट्या पाळणारे मधपाळ आहेत, महाबळेश्वरला राज्याच्या खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि २०२२ मध्ये ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालेलं मांघर तिथून जवळच आहे. मेणपतंग लागलेल्या जुन्या फ्रेम मधपाळ जाळून टाकतात किंवा उन्हात ठेवतात. त्यांच्याशी बोला. फ्रेम घेण्याआधी एकच प्रश्न नक्की विचारा: साठवणीत गंधकाची धुरी दिली होती का, डांबरगोळ्या ठेवल्या होत्या का? दिली असेल तर त्या फ्रेम प्रयोगाला नकोत. अशा अळ्या दिसायला धडधाकट असतात, पण त्यांच्या निकालावर विश्वास ठेवता येत नाही.

पोळ्यात लहान मेणपतंगही सापडतो. त्याची अळी पूर्ण वाढली तरी बारीकच राहते. मोठ्या पतंगाची शेवटच्या अवस्थेतली अळी दोन ते अडीच सेंटिमीटर लांब, मलईच्या रंगाची आणि हाताला भरीव लागते. शंका असेल तर थोड्या अळ्या पतंग होईपर्यंत वाढवून ओळख पक्की करा.

पोळ्यातून आणलेल्या अळ्या थेट टोचू नका. त्यांचं वय, खाणं, आधीचे आजार यातलं काहीच आपल्याला माहीत नसतं. त्यांच्यापासून प्रयोगशाळेत वंश सुरू करा आणि किमान दोन पिढ्या जाऊ द्या. खाद्य साधं आहे: मक्याचं पीठ, गव्हाचं पीठ, कोंडा, दूध पावडर, कोरडं यीस्ट, मध आणि ग्लिसरीन. पिठं कोरडी भाजून किंवा ओव्हनमध्ये तापवून घ्या, मग मध-ग्लिसरीन कोमट करून मिसळा. मिश्रण मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि हाताला चिकटू नये, एवढा ओलावा पुरे. कृत्रिम खाद्यात बुरशी लागू नये म्हणून काही जण मिथाइल पॅराबेन घालतात. आपल्या कामात ते चालणार नाही, कारण आपण बुरशीच टोचणार आहोत. प्रतिजैविकंही घालू नका.

बरणी काचेची आणि झाकणाला बारीक धातूची जाळी, कारण ही अळी प्लास्टिक कुरतडून बाहेर येते. अंधार आणि २८ ते ३० अंश. पतंग काही खात नाहीत. त्यांच्या बरणीत कागदाच्या चुण्या करून ठेवल्या की ते त्या घड्यांमध्ये अंडी घालतात, तो कागद तसाच नव्या खाद्यावर ठेवायचा. अंड्यापासून कामाच्या अळीपर्यंत पाच-सहा आठवडे धरा आणि त्या हिशेबाने प्रत्येक आठवड्याला एक नवी बरणी सुरू करा. एप्रिल-मेमध्ये सांगली-मिरजेला खोलीचं तापमान ४० अंशांकडे जातं, तेव्हा बरणी खोलीत ठेवली तर वाढ विस्कळीत होते. पावसाळ्यात महाबळेश्वर-जावळीच्या बाजूला खाद्यावरच बुरशी धरते, तेव्हा ओलावा कमी ठेवा. भारनियमन असेल तिथे इनक्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या आणि आत कमाल-किमान तापमापक ठेवून आकडा रोज लिहा.

हा टप्पा कंटाळवाणा वाटतो, पण निकालाची निम्मी किंमत इथेच ठरते.

कोणती बुरशी घ्यायची

पहिल्या प्रयोगाला ओळखीचे स्ट्रेन घ्या. कॅन्डिडा अल्बिकन्सचा एससी५३१४ हा जगभर वापरला जाणारा उग्र स्ट्रेन आहे. त्याच्या उलट टोकाला ईएफजी१ आणि सीपीएच१ ही दोन्ही जनुकं काढलेला स्ट्रेन आहे. तो तंतू करत नाही, आणि त्याची उग्रता उंदरात फार घटते हे १९९७ मध्ये दिसलं. अशी दोन टोकं हातात असली की आपली पद्धत फरक दाखवते की नाही हे आधी तपासता येतं. हे स्ट्रेन मिळाले नाहीत तर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या एनसीआयएम संग्रहातून किंवा चंडीगडच्या एमटीसीसीमधून ओळख पटलेला कॅन्डिडा अल्बिकन्स घ्या, आणि कमी उग्र बाजूला बेकरीचं यीस्ट, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी, ठेवा.

रुग्णालयातून आलेले स्ट्रेन वापरायचे असतील तर तिथल्या नीतिमत्ता समितीची परवानगी, रुग्णाची ओळख काढून टाकलेली नोंद आणि ओळखीची खात्री या तिन्ही गोष्टी आधी. जर्म ट्यूब चाचणी (पेशीला कोंबासारखी नळी फुटते का ते बघणं) आणि क्रोमोजेनिक अगार (प्रजातीनुसार वसाहतीला वेगळा रंग देणारं माध्यम) एवढ्यावर प्राथमिक काम भागतं, प्रकाशनासाठी आयटीएस या डीएनए-भागाचं अनुक्रमण करून घ्या. भारतातल्या अतिदक्षता विभागांत रक्तसंसर्गात कॅन्डिडा ट्रॉपिकॅलिसचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे ‘रुग्णाची कॅन्डिडा म्हणजे अल्बिकन्स’ असं गृहीत धरू नये. कॅन्डिडा ऑरिस मात्र महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणू नका. ती पृष्ठभागांवर चिवटपणे टिकते आणि अनेक औषधांना दाद देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये बुरशींची जी यादी काढली, त्यात ती सर्वांत गंभीर गटात आहे. कॅन्डिडा अल्बिकन्स, क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटसही त्याच गटात आहेत, म्हणून अल्बिकन्सवरचं कामही जैवसुरक्षा स्तर दोनच्या नियमांनी, क्लास दोनच्या सेफ्टी कॅबिनेटमध्ये आणि संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला लेखी कळवूनच करायचं.

डोस: इथे घाई नको

ताज्या वसाहतीतून वायपीडी या पोषक द्रावणात ३० अंशांवर रात्रभर हलवत वाढवा. सकाळी सेंट्रिफ्यूज करून पेशी खाली बसवा आणि निर्जंतुक पीबीएसने (फॉस्फेट बफर असलेल्या मिठाच्या पाण्याने) तीनदा धुवा. धुतलं नाही तर माध्यमात सुटलेली एन्झाइमं आणि चयापचयाचे पदार्थही अळीत जातात, आणि मृत्यू नेमका कशाने झाला हे कळत नाही.

मग न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे पेशी मोजायच्या चौकोन आखलेल्या काचपट्टीवर, मोजणी. मधल्या मोठ्या चौकोनातल्या पेशी गुणिले दहा हजार गुणिले विरलन, म्हणजे एका मिलिलिटरमधल्या पेशी. समजा १:१०० विरलनात मधल्या चौकोनात १८० पेशी आल्या. मूळ द्रावणात मिलिलिटरला १८ कोटी पेशी झाल्या. आपल्याला प्रत्येक अळीला १० मायक्रोलिटरमधून ५ लाख पेशी द्यायच्या आहेत, म्हणजे मिलिलिटरला ५ कोटी हव्यात. ५ भागिले १८ म्हणजे ०.२७८, म्हणून २७८ मायक्रोलिटर मूळ द्रावण आणि ७२२ मायक्रोलिटर पीबीएस.

फोटोमीटरच्या ओडीवर, म्हणजे द्रावणाच्या गढूळपणाच्या आकड्यावर, डोस ठरवू नका. तंतू करणाऱ्या आणि न करणाऱ्या पेशींचे आकार वेगळे असतात, त्यामुळे सारख्या ओडीला पेशींची संख्या सारखी राहत नाही. काही स्ट्रेन गुठळ्या करतात. सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या दिसल्या तर नीट व्हॉर्टेक्स करा, आणि तरीही सुटल्या नाहीत तर तो स्ट्रेन सध्या बाजूला ठेवा. पाच पेशींची गुठळी आणि पाच सुट्या पेशी अळीच्या रक्तपेशींना वेगळ्या वाटतात.

टोचणी संपल्यावर उरलेलं द्रावण एक लाख पट विरल करून त्यातलं १०० मायक्रोलिटर अगारवर पसरा. हिशेब बरोबर असेल तर ५० च्या आसपास वसाहती येतात. ही ताटली म्हणजे तुम्ही खरोखर किती जिवंत पेशी दिल्या याचा एकमेव पुरावा आहे. दोन स्ट्रेन्सच्या ताटल्यांत दुपटीचा फरक आला तर त्या दिवशीची तुलना रद्द करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खरी तुलना करण्याआधी डोसची शिडी चढा: १ लाख, अडीच लाख, ५ लाख, १० लाख. उग्र स्ट्रेनने पहिल्या २४ तासांतच सगळ्या अळ्या मारल्या तर डोस जास्त आहे, त्यात आणखी उग्र स्ट्रेन ओळखू येणार नाही. आठवड्यात एकही मेली नाही तर डोस कमी आहे, त्यात सौम्य स्ट्रेन ओळखू येणार नाही. तीन दिवसांत अर्ध्या ते तीन-चतुर्थांश अळ्या मरतील असा डोस निवडला की दोन्ही बाजूंचा फरक दिसतो. हाच डोस सर्व स्ट्रेन्सना द्यायचा. दुसऱ्याच्या शोधनिबंधातला डोस जसाच्या तसा उचलू नका, कारण तुमच्या अळ्या वेगळ्या आहेत.

अळ्यांची निवड आणि गट

टोचणीच्या आदल्या दिवशी अळ्या खाद्यातून काढा. वजन २२५ ते २७५ मिलिग्रॅम, रंग एकसारखा मलई, अंगावर एकही काळा डाग नाही, आणि उताणी केली की लगेच पालथी होणारी, अशाच अळ्या घ्या. काळा डाग म्हणजे आधीची जखम किंवा आधीचा संसर्ग. कोष विणायला लागलेली अळीही नको. निवडलेल्या अळ्या एका भांड्यात एकत्र करून मग चिठ्ठ्या टाकून गटांत वाटा. हाताला आधी लागतात त्या अळ्या बहुधा मंद असतात, आणि त्याच पहिल्या गटात जाऊन बसतात.

प्रत्येक गटात २० अळ्या ठेवा. दोन स्ट्रेन्सच्या साध्या तुलनेला हे गट लागतात: स्ट्रेन क, स्ट्रेन ख, फक्त पीबीएस टोचलेला, उष्णतेने मारलेल्या बुरशीचा, आणि अजिबात न टोचलेला. पीबीएसचा गट सुईची जखम मोजतो. न टोचलेला गट त्या खेपेच्या अळ्यांची तब्येत सांगतो. मेलेल्या बुरशीचा गट अनेक जण गाळतात, पण पेशीभित्तिकेतल्या ग्लुकान या शर्करा-साखळीमुळेच अळीत मेलॅनिनची जोरदार प्रतिक्रिया उठू शकते. हा गट नसेल तर काळेपणा संसर्गाचा की नुसत्या प्रतिक्रियेचा, हे उलगडत नाही. पीबीएस गटात २० पैकी दोनाहून जास्त अळ्या मेल्या तर तो पूर्ण प्रयोग टाकून द्या, बाकीचे आकडे कितीही सुंदर असले तरी.

ट्यूबवरची खरी नावं झाकून अ, ब, क अशा खुणा सहकाऱ्याकडून करून घ्या, आणि यादी निकाल लागेपर्यंत त्याच्याकडेच राहू द्या. अळी मेली की जरा हलली, हा निर्णय डोळ्यांचा असतो. मनात उत्तर ठरलेलं असलं की डोळे तेच बघतात.

टोचणी

५० मायक्रोलिटरची हॅमिल्टन सिरिंज आणि २६ गेजची सुई सर्वांत चांगली. नसेल तर इन्शुलिनची सिरिंज चालते, पण इथे आपल्याकडे एक मोठा धोका आहे. औषधाच्या दुकानात दोन प्रकारच्या इन्शुलिन सिरिंज मिळतात. नारिंगी टोपणाच्या यू-१०० सिरिंजमध्ये एक युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर. लाल टोपणाच्या यू-४० मध्ये एक युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर. एका गटाला एक आणि दुसऱ्याला दुसरी वापरली तर डोस अडीच पट बदलतो. काहीही वापरा, आधी विश्लेषणात्मक तराजूवर पाण्याचे थेंब सोडून बघा: १० मायक्रोलिटर पाणी १० मिलिग्रॅम भरायला हवं, आणि दहा थेंबांतला फरक फार नको.

अळी बोटांत धरून सुई खुपसू नका. तुमच्या बोटात उग्र कॅन्डिडा जाऊ शकते. मायक्रोपिपेटच्या टिपेवर फिल्टर पेपरची पट्टी गुंडाळा, अळी त्यावर उताणी वाकवा, आणि दुसऱ्या हाताने टोचा. थोडा वेळ बर्फावर ठेवलेली अळी शांत राहते. ठेवायचं तर सगळ्या गटांना तितकाच वेळ ठेवा, कारण थंडीचाही प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो.

जागा नेहमी एकच: पोटाखालच्या आखूड मांसल पायांच्या शेवटच्या जोडीतला डावा पाय. ७० टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, पायाच्या बुडातून सुई शरीराला जवळजवळ समांतर, उथळ आत घाला, हळूहळू सोडा, क्षणभर थांबून बाहेर काढा. सुई खोल गेली तर आतडं फुटतं, त्यातले जीवाणू रक्तात उतरतात आणि अळी एका दिवसात काळी पडून मरते. हा मृत्यू बुरशीच्या खात्यावर जाऊ नये म्हणून हात बसेपर्यंत नुसत्या पीबीएसने सराव करा. सरावातल्या अळ्या दोन दिवसांनीही जिवंत राहायला लागल्या की मग बुरशी हातात घ्या. टोचताना थेंब बाहेर आला तर ती अळी गटातून काढा आणि तशी नोंद करा.

आधी पीबीएस, मग मेलेली बुरशी, मग सांकेतिक नावांच्या ट्यूब. प्रत्येक गटानंतर सिरिंज अल्कोहोलने आणि नंतर पीबीएसने अनेकदा धुवा. द्रावण दर काही अळ्यांनंतर हलवत राहा, नाहीतर यीस्ट तळाला बसतं आणि शेवटच्या अळ्यांना दाट डोस जातो.

पेट्री डिशमध्ये फिल्टर पेपरवर दहा-दहा अळ्या, ३७ अंश, अंधार. प्रयोगभर खाद्य देत नाहीत. उपाशी अळीची प्रतिकारशक्ती दिवसागणिक उतरते, म्हणून टोचणीआधीच्या उपवासाचे तास सर्व खेपांत सारखे ठेवा.

रोजची नोंद

दर २४ तासांनी, ठरलेल्या वेळी, सात दिवस. पहिल्या दोन दिवसांत मृत्यू जास्त असतील तर १२ तासांनी बघा. चिमट्याने डोक्याला हलकेच स्पर्श केल्यावर काहीच हालचाल नाही, उताणी केल्यावर पालथी होत नाही, म्हणजे मेली. काळी पडली म्हणजे मेली असं नाही. पूर्ण काळी झालेली अळीही कधीकधी पाय हलवते. मेलेली अळी लगेच वेगळी करा. कोषात गेलेली अळी मेलेली धरू नका आणि जगलेलीही धरू नका, ‘त्या दिवसापर्यंत जिवंत, पुढचं माहीत नाही’ अशी नोंद करा.

फक्त जगणं-मरणं लिहिलं तर बरंच हातातून निसटतं. २०१३ मध्ये मांडलेली आरोग्य-गुणांची पद्धत मला फार उपयोगी वाटते: हालचाल, कोष विणण्याची धडपड, काळेपणा आणि जिवंत असणं या चार गोष्टींना गुण द्यायचे. ठणठणीत अळीला गुण जास्त, आजाऱ्याला कमी. दोन स्ट्रेन्समध्ये मृत्यू सारखेच, पण एकातल्या अळ्या पाच दिवस निपचित आणि दुसऱ्यातल्या रेशीम विणतायत, हा फरक उग्रतेचाच आहे.

बुरशीचा भार

मृत्यू कशामुळे झाला हे पाहायला प्रत्येक गटातल्या, खास याच कामासाठी जास्तीच्या ठेवलेल्या अळ्यांपैकी तीन ते पाच अळ्या २४ आणि ४८ तासांनी घ्या. बर्फावर बधिर करा, वरून अल्कोहोलने निर्जंतुक करा, पीबीएसमध्ये वाटून घ्या, विरलनं करून क्लोराम्फेनिकॉल घातलेल्या अगारवर लावा. क्लोराम्फेनिकॉल आतड्यातल्या जीवाणूंना रोखतो.

या आकड्याची एक अडचण लक्षात ठेवा. कॅन्डिडा तंतुरूपात गेली की अनेक पेशींच्या एका लांब तंतूपासूनही एकच वसाहत उगवते. म्हणजे जास्त तंतू करणाऱ्या, जास्त उग्र स्ट्रेनचा भार कमी दिसू शकतो! म्हणून एक-दोन अळ्यांचे छेद पीएएस किंवा चांदीच्या रंजनाने रंगवून तंतू डोळ्यांनी बघा.

रक्तातलं मेलॅनिन मोजायचं असेल तर अळीला बारीक छिद्र पाडून थेंब बर्फावरच्या पीबीएसमध्ये घ्या, पेशी खाली बसवा आणि वरच्या द्रवाचं ४०५ नॅनोमीटरला शोषण वाचा. रक्तपेशी मोजायच्या असतील तर द्रव गोठून काळा पडू नये म्हणून फिनाइलथायोयुरिया लागतो. तो विषारी आहे, हातमोजे घालूनच हाताळा.

इथे सांगलीकरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. हळदीच्या अर्काने संसर्ग कमी होतो का, हा आपल्याकडचा आवडता प्रकल्प, आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या हळदीच्या गावात तो असणारच. पण कर्क्युमिन स्वतःच ४२५ नॅनोमीटरच्या आसपास जोरदार प्रकाश शोषतं. हळद दिलेल्या अळीच्या रक्ताचं ४०५ नॅनोमीटरचं वाचन नुसतं मेलॅनिनचं नाही, हळदीचंही आहे. शिवाय कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, डीएमएसओ हे द्रावक लागतं, मग फक्त डीएमएसओ टोचलेला गट आणि बुरशीशिवाय फक्त हळद टोचलेला गट हे दोन्ही हवेत. औषध दुसऱ्या बाजूच्या पायातून द्या. बुरशीत मिसळून दिलं तर सिरिंजमध्येच बुरशी मरते आणि अळी वाचल्यासारखी दिसते.

तासगावकडच्या द्राक्षबागांचाही एक चांगला प्रश्न आहे. भुरीसाठी फवारली जाणारी ट्रायझोल गटातली बुरशीनाशकं आणि रुग्णांना दिली जाणारी अ‍ॅझोल औषधं एकाच जातकुळीची. शेतातल्या वापरामुळे अ‍ॅस्परजिलस फ्युमिगॅटस औषधांना दाद देईनासा होतो, हे जगात आणि भारतातही नोंदलं गेलं आहे. औषधाला दाद न देणं आणि उग्र असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बागेतल्या मातीचे स्ट्रेन अळीत किती उग्र ठरतात हे तपासण्यासारखं आहे. मात्र अ‍ॅस्परजिलसचे बीजाणू हवेत उडतात. ट्वीन (साबणासारखं द्रव्य) घातलेल्या द्रावणातच उचला, कॅबिनेटबाहेर ताटली उघडू नका.

आकडेमोड

जगण्याची माहिती टी-टेस्टला देऊ नका. कप्लान-मायर वक्र (दिवसागणिक किती टक्के जगल्या याचा आलेख) काढा आणि असे वक्र ताडणारी लॉग-रँक चाचणी लावा. हिशेब हाताने एकदा करून बघितला की समजतो. समजा २० अळ्या आहेत. पहिल्या दिवशी ४ मेल्या: जगण्याचं प्रमाण ८० टक्के. दुसऱ्या दिवशी उरलेल्या १६ पैकी ६ मेल्या: ८० गुणिले १०/१६, म्हणजे ५० टक्के. त्यानंतर २ कोषात गेल्या, निरीक्षणाखाली ८ राहिल्या. तिसऱ्या दिवशी त्यातल्या २ मेल्या: ५० गुणिले ६/८, म्हणजे ३७.५ टक्के. कोषातल्या दोघींना मेलेल्या धरलं असतं तर ३० टक्के आलं असतं, जगलेल्या धरलं असतं तर ४०. दोन्ही चुकीचं. अर्ध्या अळ्या मरायला लागलेला काळ इथे दोन दिवस.

डोसच्या शिडीवरून निम्म्या अळ्या मारणारा डोस काढायचा असेल तर प्रोबिट विश्लेषण (डोस आणि मृत्यूचं प्रमाण यांचं नातं बसवणारी पद्धत) करा. आर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होतं. दोनहून जास्त स्ट्रेन एकमेकांशी ताडताना अनेक तुलनांची दुरुस्ती लावा, नाहीतर निव्वळ योगायोगाने काहीतरी ‘लक्षणीय’ निघतंच.

एकाच दिवशी, एकाच कल्चरमधून ६० अळ्या टोचणं म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तो एकच प्रयोग. वेगळ्या खेपेच्या अळ्या, वेगळ्या दिवशी नव्याने वाढवलेली बुरशी, अशा तीन स्वतंत्र खेपा हव्यात, आणि तिन्हींचे वक्र वेगवेगळे दाखवायला हवेत. एका खेपेत फरक दिसला आणि दोनांत नाही, तर फरक सिद्ध झालेला नाही.

उंदराकडे कधी जायचं

अळीने यादी लहान केल्यावर, आणि प्रश्न अवयवांचा किंवा टी-पेशींचा असेल तरच. त्यासाठी १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या केंद्रीय समितीकडे, पूर्वीच्या सीपीसीएसईए आणि आताच्या सीसीएसईएकडे, नोंदलेलं प्राणीगृह आणि तिथल्या संस्थात्मक प्राणी नीतिमत्ता समितीची आधी मिळालेली मंजुरी लागते. कॅन्डिडाच्या नेहमीच्या पद्धतीत शेपटीच्या बाजूच्या शिरेतून यीस्ट देतात आणि मूत्रपिंडातला भार मोजतात, कारण उंदरात कॅन्डिडा तिथेच ठाण मांडते. उंदराच्या प्रयोगात मरेपर्यंत वाट बघणं हे माप नाही. वजन २० टक्के घटलं, पाठीला कुबड आलं, खाणं-हलणं थांबलं, की वेदनारहित मृत्यू द्यायचा आणि तीच नोंद धरायची. हे निकष प्रयोग सुरू होण्याआधी लेखी ठरलेले असावेत. महाविद्यालयात प्राणीगृह नसेल तर नोंदणी असलेल्या संस्थेशी सहकार्य करा, मागच्या खोलीत पिंजरा ठेवू नका.

आवरताना

सात दिवसांनी जगलेल्या अळ्याही संसर्गित आहेत. सगळ्या, मेलेल्या आणि जिवंत, उणे २० अंशांत रात्रभर ठेवा, मग १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करा. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे अळ्या पिवळ्या पिशवीत, सुया पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. पतंगांच्या बरणीची जाळी रोज बघा, निसटलेला पतंग जवळच्या मधपेटीत गेला तर नुकसान मधपाळाचं होतं. अहवालात अळ्यांचा उगम, पिढी, खाद्य, वजन, उपवासाचे तास, तापमान, मोजलेला आणि ताटलीवर उतरलेला असे दोन्ही डोस, गाळलेल्या अळ्या आणि गाळण्याचं कारण हे सगळं लिहा, आणि ज्या मधपाळाने पोळं दिलं त्याला निकाल कळवा.